जखम मात्र लपवू नकोस

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. टॅटूनं कॅन्सर होतो ना?"

पेशंटच्या खुर्चीत कॉलेजातली मुलगी आणि शेजारी मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली आई दिसली, की पुढचा प्रश्न मला ओळखता येतो. आईला माझ्याकडून सल्ला नको असतो, साक्ष हवी असते. आणि मी ती देत नाही. टॅटूच्या शाईवर जगभर अभ्यास चाललेत, काही शंका खऱ्याही आहेत, पण टॅटू केला की कॅन्सर होतो असं आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी तसं सांगितलं तर पोरगी जिना उतरता उतरता मोबाइलवर तपासणार, तुम्हाला आणि मला एकाच माळेत ओवणार, आणि मग मी सांगितलेलं खरं तेही या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देणार. भीती घालायचीच असेल तर खऱ्या गोष्टींची घालावी. त्या काही कमी नाहीत.

तुमचा विरोध असेल तर असू द्या. घर तुमचं, मूल तुमचं. माझी वेगळीच विनंती आहे. 'माझ्या घरात हे चालणार नाही' असं म्हणून विषय संपवलात, तर टॅटू थांबेलच असं नाही, पण तुम्हाला तो दिसायचा मात्र थांबतो. आणि टॅटूचे पहिले दोन-तीन आठवडे हीच खरी काळजीची वेळ असते. नको म्हणा, रागवा, अबोला धरा हवं तर. पण 'केलासच तर जखम मात्र लपवू नकोस' एवढं वाक्य त्या भांडणातही बोलून ठेवा.

आता वयाचं बघू. टॅटूसाठी किमान वय ठरवणारा देशपातळीवरचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. चांगले स्टुडिओ आपणहून अठराची अट पाळतात आणि आधार कार्ड मागतात. सोळा वर्षांच्या मुलाला काहीही न विचारता खुर्चीत बसवणारा माणूस बाकीचे नियमही तसेच पाळत असणार, हे ओळखा. अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत मी पालकांच्या बाजूनं उभी राहते आणि मुलांना तोंडावर सांगते, की दोन वर्षांनी हेच डिझाइन आवडलं, तर ते नक्की चांगलं होतं.

सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या आई-वडिलांशी मात्र आणखी एका गोष्टीवर बोलावं लागतं. पोरगा पहाटे उठून भरतीसाठी पळतोय, गोळाफेकीचा सराव करतोय, आणि जत्रेत जाऊन खांद्यावर वाघ काढून येतो. सैन्यभरतीच्या नियमांत कायमस्वरूपी टॅटूला जागा आहे ती कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीमागे. आदिवासी समाजांच्या परंपरेतल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत तर हातही ठरलेला: पुढच्या हाताची आतली बाजू चालते ती डाव्याच हाताची, कारण उजव्या हातानं सलाम करायचा असतो. शिवाय टॅटूचा आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा लहान हवा. मैदानात सगळ्यात पुढे असलेला मुलगा वैद्यकीय तपासणीच्या रांगेतून परत येतो, आणि मग वडील त्याला घेऊन माझ्याकडे येतात, 'पंधरा दिवसांत घालवा' म्हणून. पंधरा दिवसांत जात नाही. ज्या भरतीला बसायचंय तिची त्या वर्षीची जाहिरात टॅटूच्या आधी वाचायची असते.

तर, घालवण्याबद्दल. लेझरनं टॅटू जातो, पण एका बैठकीत नाही. दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, आणि सहा, आठ, दहा बैठकाही लागू शकतात. काळा रंग त्यातल्या त्यात ऐकतो. हिरवा, निळा, पिवळा हट्टी. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर लेझर जपून चालवावं लागतं, नाहीतर शाई जाते आणि तिथं पांढरट किंवा काळपट डाग राहतो. खर्च म्हणाल, तर करताना जे दिले त्याच्या कितीतरी पट. 'आवडला नाही तर काढून टाकू' असं मुलं म्हणतात तेव्हा हा सगळा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवा. मी दाखवते. अर्ध्याअधिक जणांचं डिझाइन तिथंच लहान होतं.

सगळ्यांच्या त्वचेला टॅटू मानवत नाही. घरात कुणाला केलॉइडचा त्रास असेल, म्हणजे कान टोचल्यावर किंवा ऑपरेशननंतर जखमेची जागा फुगून, टणक होऊन वाढत गेली असेल, तर मुलाचा डावा दंड बघा. बीसीजीची खूण बहुतेकांच्या दंडावर असते. ती सपाट, खोलगट असेल तर ठीक. जाड, चकचकीत, खाजणारी असेल, तर त्या शरीरावर मुद्दाम सुया टोचणं म्हणजे संकटाला घरचं आमंत्रण. छाती आणि खांदा या केलॉइडच्या आवडत्या जागा. सोरायसिस किंवा कोड असलेल्यांना सुई टोचलेल्या रेषेवरच नवा चट्टा उठू शकतो. मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तारुण्यपिटिकांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. ही शेवटची गोष्ट मुलं स्टुडिओत सांगतच नाहीत. पिंपल्सच्या गोळीचा टॅटूशी संबंध असेल हे त्यांच्या मनातही येत नाही.

आणि 'कायमचा नको, गोव्याला जाऊन तात्पुरता काढते' असं मुलगी म्हणाली तर लगेच हुश्श करू नका. किनाऱ्यावर तासाभरात काळाकुळकुळीत रंगणारी जी 'काळी मेंदी' असते, ती मेंदीच्या पानांची नसते. मेंदी तांबूस-तपकिरी रंगते, काळी नाही. काळेपणा येतो तो केसांच्या कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनामुळे. त्यानं डिझाइनच्या हुबेहूब आकारात फोड उठलेले हात मी पाहिलेत. एकदा ही ॲलर्जी शरीरानं धरली की पुढे पन्नाशीत कलप लावल्यावर चेहरा सुजतो, आणि कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिझाइनबद्दल मी बोलू नये खरं, तो माझा प्रांत नाही. पण त्वचेवर रेषा कशी वागते ते सांगायला हरकत नाही. शाई कागदावर राहते तशी त्वचेत राहत नाही. वर्षागणिक प्रत्येक रेषा थोडी पसरते. म्हणून बारीक अक्षरं, त्यातही देवनागरी, फार जपून. 'आई' हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका टॅटू. त्यातल्या ईची वळणं नखाएवढ्या जागेत बसवली, की दहा वर्षांनी ती एकमेकांत मिसळतात आणि तिथं काळा ठिपका उरतो. राजमुद्रेचंही तेच. अष्टकोनात अख्खा श्लोक, आणि तो मनगटावर रुपयाच्या नाण्याएवढा! करून आल्या आल्या सुरेख दिसतो, पण काही वर्षांनी त्यातली वेलांटी कुठली आणि रफार कुठला हे कपाळाला आठ्या घालून शोधावं लागतं. ज्यांना राजमुद्रा हवी त्यांनी तळहाताएवढी जागा द्यावी, नाहीतर दुसरं काही काढावं.

शुद्धलेखन तर तपासाच. कारागीर कुठल्याही राज्यातला असू शकतो, आणि तो अक्षर वाचत नाही, त्याचं चित्र काढतो. सुई लावायच्या आधी जांभळ्या रंगाचा ठसा त्वचेवर उमटवतात, त्याला स्टेन्सिल म्हणतात. तो उमटला की मुलाला उभं राहून आरशात नाही, तर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायला सांगा. आरशात अक्षरं उलटी दिसतात आणि चूक निसटते. झोपून बरोबर वाटलेली ओळ उभं राहिल्यावर तिरकी दिसते, म्हणून उभंच राहायचं. ठसा तीनदा पुसून पुन्हा लावायला लागला तरी चांगला कारागीर कुरकुरत नाही. इथं तुम्ही खरंच उपयोगी पडता. पोरं घाईत असतात, मात्रा-वेलांटी तुम्हालाच दिसते.

कारागीर कसा निवडायचा, याला पालकांचं साधं उत्तर असतं, 'महागातला घ्या.' तेवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंचावर दर असतो, आणि दराचा नि हाताचा संबंध असतोच असं नाही. इन्स्टाग्रामवरचे फोटो ताज्या टॅटूचे असतात. लालसर, तेल लावल्यागत चमकणारे. ताजा टॅटू कुणाचाही सुंदर दिसतो. वर्ष-दोन वर्षांपूर्वी केलेल्या, भरून आलेल्या टॅटूचे फोटो मागा. त्यात रेषेची जाडी सगळीकडे सारखी आहे का, कडेला निळसर धूर पसरल्यासारखं दिसतंय का, काळा भरीव भाग एकसारखा भरलाय का, ते बघा. सुई नेमकी एक-दोन मिलिमीटर आत जायला हवी. फार वर राहिली तर साल निघताना शाईही निघून जाते. फार खोल गेली तर शाई चरबीच्या थरात पसरते, तोच तो निळा धूर. हातातलं कसब या एका मिलिमीटरात असतं.

शाई त्वचेत टिकते कशी, हेही एकदा मुलांना सांगून बघा, त्यांना आवडतं. शरीर शाईला परकं समजतं आणि त्वचेतल्या रक्षक पेशी तिचे कण गिळून टाकतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत, म्हणून तिथंच बसून राहतात. पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते उचलते. म्हणजे टॅटू हा शरीराचा कधीच न संपलेला लढा आहे. हे ऐकून मुलं टॅटू करायची थांबत नाहीत, पण जखमेची काळजी जरा मनावर घेतात.

स्वच्छतेचं बघायला मात्र मुलाबरोबर स्टुडिओत जा. आत सोडत नसतील, तर तिथूनच परत फिरा. सुईचं कार्ट्रिज सीलबंद असावं आणि तुमच्या डोळ्यांदेखत फोडलं जावं, पाकिटावर मुदतीची तारीख असावी. शाई बाटलीतून छोट्या, एकदाच वापरायच्या टोप्यांत ओतली जाते, उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. मशीनवर, वायरवर, दिव्याच्या दांडीवरही प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं. आणि एवढं सगळं नीट असताना कारागिराचा फोन वाजतो, तो हातमोज्यासकट उचलतो आणि त्याच हातानं पुन्हा सुई धरतो. मी स्वतः हे पाहिलंय. त्या क्षणी 'दादा, मोजे बदला' म्हणायला लाजू नका. मुलगा लाजेल, लाजू दे.

शाई पातळ करायला पाणी कुठलं वापरता, हेही विचारा. 2011-12 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टर भागात, टॅटू केलेल्या एकोणीस जणांच्या त्वचेवर हट्टी पुरळ उठलं. कारागीर स्वच्छ काम करणारा होता. दोष निघाला कारखान्यातूनच पातळ होऊन आलेल्या करड्या शाईत. त्यात टीबीच्या जंतूंच्या नात्यातला, पाण्यात सापडणारा एक जंतू होता. अशा संसर्गाला साध्या अँटिबायोटिकचा आठवडा पुरत नाही, महिनोन् महिने औषधं घ्यावी लागतात. नळाचं, आरओचं, बाटलीबंद पाणी प्यायला चांगलं. पण ते निर्जंतुक नसतं, आणि प्यायलेलं पाणी पोटात जातं, त्वचेच्या आत नाही. युरोपीय संघानं 2022 पासून शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातली. आपल्याकडे बाटलीवर काय लिहिलंय तेवढंच हातात असतं, म्हणून निदान बाटली मूळ कंपनीची आणि लेबलासकट तरी असावी.

जत्रेतलं गोंदण मी सरळ 'नको' म्हणते. तुमच्या आजीच्या हनुवटीवर, हातावर गोंदण होतं, त्यात तुळस होती, आजोबांचं नाव होतं, हे सगळं मान्य. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण आज जत्रेत बॅटरीवर चालणारं यंत्र, एकच सुई आणि एकाच वाटीतली शाई दिवसभर सगळ्यांना चालते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. त्याची लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली 2011 मध्ये. आज कॉलेजात असलेली मुलं त्याआधी जन्मलेली. काहींनी खासगी डॉक्टरांकडे घेतली असेल, काहींनी नाही. जुनं लसीकरणाचं कार्ड कपाटातून काढा. नसेल घेतली, तर टॅटू बाजूला ठेवून ती तीन इंजेक्शनं आधी पूर्ण करा. हिपॅटायटिस सीला तर लसच नाही. टॅटूनंतर वर्षभर रक्तदानही करता येत नाही, ते याच कारणानं. दरवर्षी वाढदिवसाला रक्तदान करणाऱ्या मुलांना ही एक गोष्ट कधी कधी थांबवते. मला त्याचं फार बरं वाटतं.

आता जखमेकडे येऊ.

मे महिन्यात एक मुलगा वडिलांबरोबर आला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. वडील म्हणाले, "घामोळं आलंय, खाजवतोय सारखा." बाही वर करायला सांगितली तर पोरगा जमिनीकडे बघायला लागला. हॉस्टेलवरच्या मित्रानं ऑनलाइन मागवलेल्या मशीननं कोपराखाली विंचू काढला होता. त्यावर चार दिवस स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळलेली. आत घाम साचला, वास यायला लागला, म्हणून फिल्म काढून रात्री गुपचूप हळद भरली. मग मेडिकलवाल्यानं दिलेली एक ट्यूब. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं दोन दिवस लाली दबली आणि आतला संसर्ग मात्र सुखानं वाढत राहिला. वडिलांचा हात वर गेला होता. तो खाली आला, कारण पू दिसला.

या मुलानं जे जे केलं त्यातलं बरंचसं तुम्हीही सांगितलं असतं, म्हणून लिहिते. हळद, खोबरेल तेल, तूप, टूथपेस्ट, कडुनिंबाचा पाला यांतलं काही लावायचं नाही. कोमट पाणी आणि वास नसलेला सौम्य साबण, दिवसातून दोनदा, धुतलेल्या हातानं. नंतर कागदी टिश्यूनं टिपून घ्यायचं. घरचा टॉवेल नको, तो कितीही पांढरा असला तरी. वर मलम किंवा साधं मॉइश्चरायझर अगदी पातळ, त्वचेत जिरेल इतकंच. थापलं तर जखमेला हवा लागत नाही. कारागिरानं टॅटूसाठीची खास फिल्म लावली असेल तर ती सांगितलेल्या दिवसांपर्यंत राहू द्यावी. किचनमधली फिल्म घरी पोचेपर्यंत काही तास, बस.

पहिल्या रात्री चिकट पाणी येतं, शाईचे डाग चादरीला लागतात. घाबरू नका, जुनी चादर घाला. दोन-तीन दिवसांत लाली आणि सूज उतरणीला लागते. मग खाज सुटते, आणि कात टाकल्यासारखी रंगीत साल निघू लागते. ती ओढायची नाही. खाजवायची तर मुळीच नाही, वाटल्यास वरून तळव्यानं हलकंच थोपटावं. या दिवसांत टॅटू धुरकट, फिका दिसतो आणि मुलं रडवेली होऊन कारागिराला फोन करतात. दोन ते चार आठवड्यांत वरची त्वचा भरते, आतून पूर्ण बसायला दोन-तीन महिने जातात. तोवर पोहणं नाही, समुद्र नाही, नदी नाही. गोव्यात पहिल्या दिवशी टॅटू आणि दुसऱ्या दिवशी बागा बीचवर डुबकी, ही सहल माझ्याकडे दर डिसेंबरनंतर येते. उन्हापासून झाकायचं, आणि पूर्ण भरल्यावर सनस्क्रीन.

ऋतूही बघा. मे महिन्याचा घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा, दोन्ही वाईट. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर बरं. पुण्यातल्या ढोलपथकांतली पोरं गणपतीच्या आधी खांद्यावर टॅटू करतात आणि त्यावर ढोलाचा पट्टा, वर गुलाल. बाप्पा पावला तरी त्वचा पावत नाही.

दुखणं तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, जागा गरम लागली, पू आला, ताप आला किंवा टॅटूपासून वर लाल रेघ चढताना दिसली, तर थांबायचं नाही. शंकाच असेल तर एक करा. लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, आणि रोज एकाच उजेडात फोटो काढा. लाली रेघेच्या आत राहिली तर बहुतेक ठीक चाललंय. बाहेर गेली तर फोटो पाठवून औषध विचारू नका, मुलाला घेऊन या. येताना लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, रिकाम्याही. आणि माझ्यासमोर त्याला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो एकटाच मेडिकलच्या दुकानात जाईल.